अंगणांतले तांबडे पाहुणे

फाल्गुनाच्या आरंभीं एके दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास दौंडहून माझ्या भाचीचा फोन आला. मागें मुलांचा गलका चालला होता. ती म्हणाली, “मामा, आमच्या पडवीच्या भिंतीवर दिव्याभोंवतीं तांबडे किडे नुसते पसरले आहेत, शेकड्यांनीं असतील. सासूबाईंना हें लक्षण बरें वाटत नाहीं. हे म्हणतात, उद्यां औषध मारणाऱ्या माणसाला बोलावतों. तुमचें काय मत?” पाठोपाठ मोबाइलवर छायाचित्रहि आलें. मसुरीच्या डाळीएवढे, बरेचसे तिच्याच रंगाचे, पाठ फुगीर व तुळतुळीत, तिच्यावर काळ्या नागमोडी रेषा. मीं तिला सांगितलें, “औषध मारूं नका. पडवींतला दिवा मालवा, आणि त्यांना त्यांच्या वाटेनें जाऊं द्या. मी उद्यां सकाळीं निघतों.”

एवढ्याशा किड्यांसाठीं म्हातारा माणूस शिरूरहून दौंडला धांवला, याचें वाचकांस हंसूं येईल. पण या किड्यांचें मी एक जुनें देणें लागतों. तें पुढें ओघानें येईलच. प्रथम हे पाहुणे येतात कोठून तें पाहूं.

शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके कमी पावसाचे. नदीच्या व कालव्याच्या कडेला ऊंस दिसतो; ती पट्टी सोडली कीं रब्बीची ज्वारी, हरभरा आणि करडई हींच जुनीं पिकें. शाळूच्या शेताला करडईच्या दोन-चार ओळींचा वेढा घालण्याची चाल आमच्याकडे पूर्वापार आहे. कांट्यांमुळें गुरें आंत शिरत नाहींत, आणि घरच्या तेलाची सोय होते. थंडी पडून मधूनमधून आभाळ येऊं लागलें, कीं करडईच्या कोंवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. शाळूच्या पानांमागें पिवळसर मावा वाढतो आणि त्याच्या अंगांतून पाझरणाऱ्या गोड रसानें पानें चकचकीत होतात. आमचे शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. माव्याची वाढ मोठी विलक्षण. मादीला नराची गरज लागत नाहीं. ती अंडीं न घालतां जिवंत पिलें प्रसवते, आणि तीं पिलें आठ-दहा दिवसांत स्वतः पिलें देऊं लागतात. आज एका पानावर पांच दिसले, तर पंधरवड्यानें मोजायला बसूं नये.

असें अन्नछत्र जेथें उघडतें तेथें हे तांबडे किडे बोलावल्याशिवाय जमतात. त्यांतल्या सात ठिपक्यांच्या जातीचा वाढलेला किडा दिवसाकांठीं पन्नासाच्या आसपास मावा खातो. पौष-माघांत शिवार त्यांनीं भरून जातें, आणि ज्याचें शेत नाहीं त्याला याची वार्ताहि नसते. पुढें शाळू वाळतो, करडई पिवळी पडते, आणि मावा हां हां म्हणतां नाहींसा होतो. हजारों भुकेले जीव आठवडाभरांत उघड्यावर पडतात. त्यांना पंख आहेत, म्हणून ते उडतात. उजाड झालेल्या त्या शिवारांत हिरवें काय उरलेलें असतें? घरामागें सांडपाण्यावर वाढविलेली बाग: कढीलिंब, जास्वंद, शेवंती, एखादें लिंबाचें झाड. त्यांतल्या कांहीं जातींना रात्रीं दिव्याचें आकर्षण असतें. गांवाच्या कडेच्या घरांतील गृहिणींना हे पाहुणे पडवींत दिसतात, ते अशा रीतीनें. त्यांत शुभाशुभ कांहीं नाहीं. शेतांतली पंगत उठली, एवढाच त्याचा अर्थ.

या किड्याला आपल्या बोलींत सर्वत्र चालणारें एक नांव नाहीं, हें मला नेहमीं खटकतें. शेतकीच्या पत्रकांत त्याला ‘ढालकिडा’ म्हणतात. नांव यथार्थ आहे; पालथ्या ठेवलेल्या ढालीसारखीच त्याची पाठ असते. इंग्रजी ‘लेडीबर्ड’ या नांवांतील लेडी म्हणजे ख्रिस्ताची माता मेरी. जर्मन लोकहि त्याला मेरीचाच किडा म्हणतात, आणि रशियन भाषेंत तो देवाची छोटी गाय आहे. आमच्या संस्कृतज्ञांपैकीं कित्येक त्याला इंद्रगोप समजतात, आणि मीहि वर्गांत तसेंच सांगत असें. पण वाल्मीकीनें किष्किंधाकांडांतील वर्षावर्णनांत ज्या इंद्रगोपांनीं हिरवळ चितारली आहे, ते मृगाच्या पहिल्या सरींनंतर भुईवर दिसणारे मखमली तांबडे जीव होत. त्यांना आठ पाय असतात, पंख मुळींच नसतात, आणि त्यांचें नातें कोळ्या-गोचिडांशीं. अमरकोश तोंडपाठ, पण अंगण पाहिलेलें नाहीं, अशी माझी तेव्हांची अवस्था होती. आणि या अवस्थेचा परिणाम केवळ एका शब्दापुरता राहिला असता, तर आज हा लेख लिहावा लागला नसता.

१९९१ सालची गोष्ट. मी एका खेड्यांतील माध्यमिक शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत होतों, आणि शाळेच्या बागेची देखरेखहि माझ्याकडे होती. बागेंत चवळीचे वेल होते. त्यांच्या शेंड्यांवर काळा मावा दाटला, आणि त्या माव्यांत लांबट, काळपट, खरखरीत अंगाच्या अळ्या हिंडतांना दिसूं लागल्या. सहा पाय, पाठीवर बारीक गांठींच्या रांगा, मधूनच नारिंगी डाग. एखादी सुसर करंगळीच्या नखाएवढी करून ठेवावी तसें रूप. पाहूनच अंगावर कांटा यावा. पानें आकसलेलीं, शेंडे चिकट झालेले, आणि तेथें हा प्राणी! गुन्हेगार कोण हें ठरवायला मला क्षणभरहि लागला नाहीं. मावा बिचारा जागचा हलतहि नव्हता. मीं आठवीच्या मुलांना जुने डबे दिले, डब्यांत रॉकेल घातलेलें पाणी भरलें, आणि दर शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर या अळ्या वेचून त्यांत बुडवायच्या असा नियम घातला. जो अधिक वेचील त्याचें नांव फळ्यावर लिहीत असें. तीन-चार वर्षें हा उद्योग चालला. चवळी दरसाल अधिकच वाईट होत गेली, आणि मीं दरसाल डबे वाढविले.

त्या पहिल्याच वर्षीं वर्गांत एक फारसा न बोलणारा मुलगा होता. त्यानें एक अळी डब्यांत न टाकतां काडेपेटींत ठेवली, आणि माव्यानें भरलेले शेंडे मोडून तिला रोज खाऊं घातले. दहा-बारा दिवसांनीं तो पेटी घेऊन माझ्यापुढें उभा राहिला. म्हणाला, “गुरुजी, अळीचा किडा झाला.” पेटींत एक फिकट पिवळा किडा होता; अंगावर ठिपका नाहीं, रेघ नाहीं. मीं म्हटलें, “हा भलताच कुठला तरी किडा आहे, वेलावरून उचलून ठेवला असशील.” दुसऱ्या दिवशीं त्यानें तीच पेटी पुन्हां उघडून दाखविली. आंत तांबडा, काळ्या रेषांचा ढालकिडा बसलेला! “काल पिवळा होता तोच आज तांबडा झाला,” असें तो सांगूं लागला. मीं साऱ्या वर्गादेखत खोटें बोलल्याबद्दल त्याला अंगठे धरून उभें केलें. त्याच्या डोळ्यांत पाणी आलें, पण ‘चुकलों’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं. तो निघाला नाहीं म्हणून मीं त्याला पुढचा तासहि तसाच उभा ठेवला.

तो मुलगा अक्षरशः खरें बोलत होता. ढालकिड्याची मादी माव्याच्या जवळच पानामागें पिवळीं, लांबट अंडीं उभीं मांडून ठेवते. त्यांतून ती काळी अळी निघते, चार वेळां कात टाकते, आणि तेवढ्या काळांत शेंकडों मावे फस्त करते. मग पानाला शेपटाकडून चिकटून ती निश्चल होते. तो तिचा कोश. चार-सहा दिवसांनीं कोशांतून जो किडा बाहेर येतो, तो प्रथम मऊ, फिकट पिवळा व बिनठिपक्यांचा असतो. त्याची पाठ हळूहळू टणक होते आणि तिच्यावर रंग व रेषा उमटतात. अंड्यापासून किड्यापर्यंतचा हा सारा प्रवास आपल्याकडील हवेंत साधारण तीन आठवड्यांचा. म्हणजे ज्यांना मी रॉकेलांत बुडवीत होतों, तींच त्या देखण्या तांबड्या किड्यांचीं पोरें होतीं आणि चवळीचे खरे राखणदारहि तींच. तांबडा किडा दिसला तर त्याला कोणी सहसा मारीत नाहीं. त्याच्या लेंकरांना मात्र त्यांच्या रूपावरून देहान्ताची शिक्षा!

हें मला कळलें तें निवृत्त झाल्यावर. नातीला शाळेंत किडामुंगीची वही करायची होती. तिच्यासाठीं पुस्तकें चाळतांना त्या अळीचें चित्र दिसलें, आणि तें पान मला बराच वेळ उलटवेना. पुढें आमच्याच कढीलिंबावर मीं व नातीनें अळीपासून किड्यापर्यंतची ती सारी अवस्था डोळ्यांनीं पाहिली. पिवळा किडा कोशांतून निघाला तेव्हां नात टाळ्या वाजवीत होती. मला टाळ्या वाजविणें जमलें नाहीं.

तो मुलगा आतां दौंड तालुक्यांत शेती करतो, हें मला ठाऊक होतें. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यानें मी कितीदां तरी गेलों, वाटेंत उतरलों मात्र नाहीं. या खेपेस पारगांवाजवळ भीमा ओलांडल्यावर उतरलों व त्याची वस्ती विचारीत गेलों. तो उंसाला पाणी देत होता. ओळख पटतांच चिखलानें भरलेले हात धुऊन पायां पडला आणि घरांत हांक मारून चहा ठेवायला सांगितला. चहा येईपर्यंत मीं सारें सांगून टाकलें. सांगतांना फार शब्द लागले नाहींत. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “मला आठवतं, गुरुजी. अंगठे धरल्याचं काही नाही. पण तुम्ही पेटी खिडकीबाहेर फेकली होती, त्याचं वाईट वाटलं. मी मधल्या सुटींत शोधायला गेलो होतो.”

पेटी फेकल्याचें मी साफ विसरलों होतों.

थोडा वेळ आम्ही दोघेहि गप्प बसलों. नंतर तोच बोलता झाला. “पण ती अळी मला पुढं उपयोगी पडली,” म्हणाला, आणि लोकरी माव्याच्या वर्षांची हकीकत सांगूं लागला. ज्यांचा ऊंस आहे त्या घरांतून तीं वर्षें कोणी विसरलेलें नाहीं. २००२ सालच्या जुलैंत सांगली जिल्ह्यांत हा मावा उंसावर दिसला, आणि पुढच्या हंगामांत पश्चिम महाराष्ट्राच्या व उत्तर कर्नाटकाच्या ऊंसपट्ट्यांत भराभर पसरला. पानामागें कापूस पिंजून चिकटवावा तसा पांढरा थर. खालच्या पानांवर चिकट रसाचा सडा, आणि त्यावर चढलेली काजळी. वाढलेल्या उंसांत माणूस धड शिरूं शकत नाहीं, तेथें फवारा पानामागें पोंचावा कसा? तरीहि लोक पंप घेऊन धांवले, कारण नुसतें बघत राहणें कोणाला जमतें?

“शेजारचे मला म्हणाले, औषध आण,” तो सांगूं लागला. “मी आधी पानं उलटून बघितली. एके ठिकाणी त्या लोकरीत एक अळी जाळी करून बसलेली होती, आणि तिच्याभोवती पान साफ होतं. मनात आलं, एका अळीला न मारल्यावर काय होतं ते मी काडेपेटीत पाहिलेलं आहे. तेव्हा हिलाही आठ दिवस द्यावेत.” पुढें शेतकीच्या माणसांनीं त्याला ती अळी कोणाची तें सांगितलें. ती डिफा नांवाच्या एका लहान पतंगाची. तिच्या जोडीला मायक्रोमस नांवाचा, जाळीदार पंखांचा एक तपकिरी किडा. संशोधन संस्थांनीं व साखर कारखान्यांनीं हे दोन जीव वाढवून शेतांत सोडले. आणि ज्याच्या शेतांत ते आधीं आले त्याच्याकडून अळ्या-कोश असलेलीं पानें तोडून नेऊन शेतकऱ्यांनीं तीं आपल्या उंसांत अडकविलीं. यानेंहि तसेंच केलें. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या लढाईंत ढालकिडेहि होते, पण सेनापतिपद त्यांचें नव्हे. तो मान डिफा आणि मायक्रोमस यांचा. आवडत्या विद्यार्थ्याला दुसऱ्याचे गुण देण्याची खोड आम्हां मास्तरांना असते, म्हणून हा खुलासा.

निघतांना त्यानें मला अर्धा शेर काकवी दिली. त्या बाजूस गुऱ्हाळें पुष्कळ. नाहीं म्हणण्याची सोय नव्हती.

पुढच्या वाटेवर मला एक जुनी कथा आठवत होती. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतल्या संत्र्यांच्या बागा ऑस्ट्रेलियांतून आलेल्या एका पांढऱ्या खवले किडीनें बुडत चालल्या होत्या; मालक झाडें उपटूं लागले होते. १८८८ सालीं आल्बर्ट कोबेले नांवाचा गृहस्थ त्या किडीचा मूळ शत्रु शोधीत ऑस्ट्रेलियाला गेला, आणि तेथून त्यानें लहानसे तांबडे-काळे ढालकिडे बोटीनें पाठविले. तीन खेपांत मिळून १२९ किडे जिवंत पोंचले. ते एका झाडाला कापडी तंबू ठोकून त्यांत सोडले. १८८९ च्या जूनपर्यंत त्यांच्या प्रजेंतून दहा हजारांवर किडे इतर बागाइतदारांना वांटून झाले होते, आणि थोड्याच काळांत बागा सांवरल्या. पुढें सुमारें पन्नास वर्षांनीं डी.डी.टी. हें नवें औषध निघालें. तें बागांत फवारतांच ढालकिडे मेले आणि ती विसरलेली पांढरी कीड पुन्हां उसळली. तेव्हां लोकांनीं ढालकिडे परत आणले.

आपल्या देशांतहि १८९८ सालीं ऑस्ट्रेलियांतूनच क्रिप्टोलेमस नांवाचा काळा, नारिंगी डोक्याचा ढालकिडा आणला गेला. पिठ्या ढेंकूण हें त्याचें भक्ष्य. आज महाराष्ट्रांत द्राक्षाच्या व सीताफळाच्या बागांसाठीं हे किडे प्रयोगशाळांत वाढवून विकतात. पण येथेंहि तीच फसगत! क्रिप्टोलेमसच्या अळीच्या अंगावर मेणाचे पांढरे झुबके असतात, आणि ती हुबेहूब पिठ्या ढेंकणासारखीच दिसते. पैसे मोजून किडे आणावेत, आणि महिन्यानें त्यांचींच पोरें ‘ढेंकूण वाढले’ म्हणून चिरडावींत, असें होऊं शकतें. आपल्या जास्वंदीवर पांढरें कांहीं दिसलें तर जरा थांबून पाहावें. ढेंकूण एका जागीं रस शोषीत बसतो. अळी आकारानें मोठी, तिचे झुबके लांब, आणि ती चांगली चालते.

दौंडला पोंचलों तों दुपार झाली होती. जांवईबापूंनीं माझा शब्द राखला होता. दिवा मालविल्यामुळें भिंत बरीचशी मोकळी झाली होती. खिडकीच्या चौकटींत तीस-चाळीस किडे राहिले होते. मागच्या अंगणांत कढीलिंबाच्या कोंवळ्या पानांवर मात्र त्यांची वर्दळ चालली होती. भाचीच्या सासूबाईंना मीं करडईची हकीकत सांगितली. त्यांनीं ती लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाल्या, “म्हणजे ते हेच होय! माझ्या माहेरीं कोंवळ्या करडईची भाजी निवडतांना ताटांत पडत असत. आई चिमटींत धरून बाहेर सोडायची. म्हणायची, मारूं नये, हात कडू होतो.” आईचें म्हणणें खरें होतें. या किड्याला दाबलें तर पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडू, उग्र वासाचा द्रव निघतो. पक्ष्यांपासून बचाव व्हावा म्हणून ही योजना, आणि तो तांबडा रंग म्हणजे त्याच कडवटपणाची आगाऊ सूचना. माणसाला त्यापासून अपाय नाहीं. हात धुतला कीं झालें. चुन्याच्या भिंतीवर चिरडला तर डाग मात्र राहतो.

मग त्या मला परसांतल्या वांग्यांकडे घेऊन गेल्या. “आतां या कोणाला साधू म्हणायचें?” वांग्याच्या पानांची चाळण झाली होती, शिरा तेवढ्या राहिल्या होत्या. पानांवर तसेच गोल किडे होते, पण रंग मळकट तांब्यासारखा, पाठीवर बारीक लव असल्यामुळें चकाकी नाहीं, आणि ठिपके पुष्कळ. एका किड्याचे मोजले ते अठ्ठावीस भरले. सासूबाईंचा संशय अगदींच निराधार नव्हता. ढालकिड्यांच्या घराण्यांत ही एक शाखा शाकाहारी निघाली आहे. ती माव्याला शिवत नाहीं. वांगीं, बटाटे, कारलीं यांचीं पानें खरवडते, आणि तिची पिवळी, कांटेरी अळीहि तेंच करते. त्या आम्हीं हातानें वेचल्या आणि साबणाच्या पाण्यांत टाकल्या. माझ्या हातून हें काम पुन्हां होईल असें वाटलें नव्हतें. या वेळीं प्रत्येक अळी कशावर बसली आहे आणि काय खाते आहे तें पाहिल्याखेरीज पाण्यांत टाकली नाहीं. त्यामुळें तासभर लागला, आणि सूनबाईला दोनदां चहा करावा लागला.

संध्याकाळीं भाचीच्या दिराचा अमेरिकेहून फोन आला. तो ओहायो प्रांतांत राहतो. ढालकिड्यांची इतकी बाजू घेतलेली त्याला रुचली नाहीं. “इकडे ऑक्टोबरांत खिडक्यांच्या फटींतून हजारांनीं घरांत शिरतात, मामा, यंत्रानें ओढून काढावे लागतात, आणि खोलीला वास येतो.” त्याचेंहि खरें आहे. त्याच्याकडचा किडा आशियांतला. चीन, जपान, कोरिया या बाजूचा. अमेरिकन सरकारनें तो मावा खाण्यासाठीं वेळोवेळीं सोडला होता. १९८८ सालीं लुइझियानांत तो कायमचा रुजल्याचें आढळलें, आणि पुढें देशभर पसरला. २००४ सालीं तो इंग्लंडांत पोंचला. तेथील थंडींत हिवाळा काढायला त्याला कोरडी फट लागते, म्हणून तो घरें गांठतो. शिवाय तेथल्या जुन्या ढालकिड्यांनाहि त्यानें मागें सारलें आहे. आपल्याकडच्या जातींना घरांत दडून हिवाळा काढावा लागत नाहीं. त्या येतात, दोन-चार दिवस भिंतीवर राहतात, आणि मावा दिसेल तिकडे निघून जातात.

तेवढ्या दिवसांत गृहिणींनीं काय करावें, असें भाचीनें विचारलें. फार कांहीं नाहीं. बाहेरचा दिवा लौकर मालवावा, उघडें अन्न झांकावें, आणि आंत आलेले किडे मऊ केरसुणीनें कागदावर घेऊन झाडापाशीं सोडावे. शेंड्यांवर मावा फारच दाटला असेल तर पाण्याची जोराची धार मारावी. कढीलिंबाच्या बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढत होती, तिकडे मीं तिचें लक्ष वेधलें. माव्याच्या गोड रसासाठीं मुंग्या त्याची गुराख्यासारखी राखण करतात आणि ढालकिड्यांना चावून हुसकावतात. बुंध्याला कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीन फांसलें, आणि भिंतीला टेकलेली फांदी कापली, कीं त्यांची वाट बंद होते. आणि औषधाची बाटली बागेंत नेण्यापूर्वीं पान उलटून पाहावें. काळी, खरखरीत, कुरूप अळी दिसली तर बाटली परत फडताळांत ठेवावी. जांवईबापूंनीं ती खरोखरच परत ठेवली. मात्र वांग्यांसाठीं लागेल म्हणून फेकली नाहीं.

मी शिरूरला परतल्यावर चौथ्या दिवशीं भाचीचा पुन्हां फोन आला. भिंत स्वच्छ झाली होती. कढीलिंबाच्या एकाच फांदीवर नऊ अळ्या तिच्या मुलानें मोजल्या होत्या, आणि त्यांतली एक काडेपेटींत ठेवूं द्या म्हणून तो हटून बसला होता. मीं त्याला फोनवर बोलावून घेतलें. पेटीला सुईनें भोकें पाडायचीं, माव्याचा ताजा शेंडा रोज घालायचा, आणि कोश झाल्यावर हात लावायचा नाहीं, एवढें सांगितलें. पिवळा किडा निघाला कीं मला फोन कर, रात्र झालेली असली तरी चालेल, असें त्याच्याकडून कबूल करून घेतलें आहे.